दिवा, दिवाणखाना आणि प्रमाद

घराला लागलेली आग हे दैव मानायचे की दोष, हा भारतीय धर्मविचारातला जुना प्रश्न आहे आणि त्याला एकच उत्तर मिळालेले नाही. काही ग्रंथांनी आगीत देवतेचा असंतोष पाहिला आणि शांतीचा विधी सांगितला. काहींनी तीत माणसाची बेफिकिरी पाहिली आणि दंड सांगितला. पुण्याच्या पूर्वेकडच्या खराडीसारख्या उपनगरात हा प्रश्न आता दिवाणखान्यात येऊन ठेपला आहे. तेथील अनेक सदनिकांत देवापुढची समई, सोफा, पडदे, टीव्ही आणि मोबाइल-स्कूटरचे चार्जर या सर्वांना मिळून एकच खोली आहे.

दिवळी ते देव्हारा

मुळा-मुठेच्या काठचे खराडी हे मूळचे शेतीचे गाव. नगर रस्त्याची वर्दळ, पुणे महापालिकेतील समावेश आणि इऑन आयटी पार्कसारखी संकुले यांमुळे तेथे उंच इमारती उभ्या राहिल्या. गावठाणातल्या जुन्या घरांत आणि पेठांतल्या वाड्यांत दिव्याची जागा ठरलेली असे. भिंतीच्या जाडीत कोरलेली दिवळी किंवा कोनाडा, खाली शहाबादी फरशी किंवा सारवलेली जमीन, भोवती माती आणि दगड. दिवा कलंडला तर तेल सांडे, भिंत काजळे, पण पेट घेण्यासारखे जवळ फारसे काही नसे. देवघर वेगळे आणि माजघरात कोणी ना कोणी सतत वावरत असे.

सदनिकेत ही रचना मोडली. देव्हारा प्लायवुडचा झाला, त्यावर सनमायका आला, मागे वॉलपेपर, वर कापडी तोरण आणि बाजूला टीव्हीचे युनिट. पूजा आटोपून दोघे नोकरीला बाहेर पडले की समईजवळ कोणीही उरत नाही. आचार तोच राहिला, मात्र ज्या भिंतीत आणि ज्या माणसांत तो सुरक्षित होता ती दोन्ही बदलली. दिवाणखान्यातील आगीचा धर्मविचार येथून सुरू होतो.

घराचा धनी आणि भुकेला देव

ऋग्वेदाचे पहिले सूक्त अग्नीचे आहे. मधुच्छंदा वैश्वामित्र हा त्याचा ऋषी. मुलाला बाप जसा सहज जवळ करता येतो तसा तू आम्हाला हो, अशी मागणी त्या सूक्ताच्या शेवटी आहे. वेदांत अग्नीला गृहपती म्हटले आहे आणि अतिथीही म्हटले आहे. तो घरात राहतो, घराचा धनी असतो, आणि तरी पाहुण्यासारखी त्याची बडदास्त ठेवावी लागते. त्याच्याकडे दुर्लक्ष केलेले चालत नाही, ही जाणीव या दोन्ही विशेषणांमागे आहे.

घर जळले तर काय, याचाही विचार वैदिक वाङ्मयात आहे. ज्याचे घर अग्नीने जाळले त्याने 'क्षामवत्' अग्नीला आठ कपालांवर (खापरांवर) भाजलेला पुरोडाश, म्हणजे यज्ञातली भाकरी, अर्पण करावा, असे तैत्तिरीय संहितेत सांगितले आहे. आपला वाटा मिळाल्यावर अग्नी शांत होतो आणि पुन्हा घर जाळत नाही, ही त्यामागची उपपत्ती. महाभारताच्या आदिपर्वात खांडववन जळते, तेही अग्नीच्या पोटाची तक्रार म्हणून. श्वेतकी राजाच्या दीर्घ यज्ञातले तूप पिऊन मंदाग्नी झालेला अग्नी ते वन मागून घेतो. या दृष्टीने पाहिले तर आग ही भुकेल्या देवतेची कृती ठरते आणि तिच्यावरचा उपाय अर्पणाचा.

मात्र याच परंपरेत अग्नीशी रोज कसे वागावे याचे नियमही आहेत आणि ते अगदी जमिनीवरचे आहेत. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात स्नातकासाठी, म्हणजे अध्ययन संपवून घरी परतलेल्या माणसासाठी, सांगितले आहे की अग्नी तोंडाने फुंकू नये, त्यात अपवित्र वस्तू टाकू नयेत, त्यावर पाय शेकू नयेत, तो बाजेखाली ठेवू नये, ओलांडू नये, पायथ्याशी ठेवू नये आणि जिवाला अपाय होईल असे काही करू नये. हे नियम अग्नीच्या आदरापोटी आले आहेत. पण झोपण्याच्या जागेखाली निखारे न ठेवणारा आणि जळता दिवा न ओलांडणारा माणूस घरही सांभाळतो. आदर आणि खबरदारी यांच्यात येथे फट दिसत नाही.

अखंड ज्योत आणि अखंड राखण

दिवा विझला तर अपशकुन होतो, या भीतीने अनेक घरांत समई जळती ठेवून बाहेर जातात. नवरात्रात, आश्विन शुद्ध प्रतिपदेपासून नऊ दिवस, अखंड दीपाचा संकल्प असतो तेव्हा ही भीती अधिक गडद होते. ज्या परंपरेतून अखंड अग्नीची कल्पना आली, तिने याबाबत काय व्यवस्था केली होती हे पाहणे म्हणून महत्त्वाचे ठरते.

श्रौत अग्निहोत्री गार्हपत्य, आहवनीय आणि दक्षिणाग्नी असे तीन अग्नी राखत असे. त्याला गाव सोडून जायचे असेल तर दोन वाटा होत्या. घरात अग्नीची काळजी घेणारे कोणी असावे, किंवा अग्नीचे समारोपण करावे. समारोपणात अग्नी अरणींमध्ये अथवा स्वतःच्या ठायी प्रतीकरूपाने सामावून घेतला जाई आणि मुक्कामी पोहोचल्यावर अरणी घासून तो पुन्हा प्रकट केला जाई. मोकळ्या घरात जळता अग्नी सोडून जाणे ही तिसरी वाट शास्त्राने दिलेली नाही. अग्नी चुकून विझलाच तर त्यासाठी प्रायश्चित्ते होती आणि ती करून अग्नी पुन्हा पेटवता येत असे. विझणे ही चूक मानली गेली, सर्वनाश मानला गेला नाही.

पारशी परंपरेत पवित्र अग्नी शतकानुशतके विझू दिलेला नाही. गुजरातेत उदवाडा येथे असलेला इराणशाह हा त्यांतला सर्वांत पूज्य. मुंबई-पुण्याच्या अग्यारींतही हा अग्नी धातूच्या मोठ्या पात्रात राखला जातो, आणि दिवसाच्या पाचही गाहांत, म्हणजे प्रार्थनेच्या वेळांत, धर्मगुरू त्याला काष्ठ अर्पण करतो. अखंडता तेथे माणसाच्या पाळीवर उभी आहे. मध्ययुगीन शिलालेखांत देवळांच्या नंदादीपासाठी तेलाची दाने कोरलेली आढळतात. तो दिवा दगडी गाभाऱ्यात तेवत असे आणि त्याच्या सेवेला माणूस नेमलेला असे. घरच्या नवरात्रातही दिव्याच्या जोडीला जागर असतो. आळीपाळीने जागणारी घरातली माणसे हा त्या व्रताचाच भाग होता.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. ज्योत आणि तिच्याजवळचा माणूस ही परंपरेने जोडी म्हणून कल्पिली होती. माणूस वजा करून नुसती ज्योत उरवणे ही सोयीसाठी केलेली अलीकडची काटछाट आहे, आणि तिला परंपरेचा आधार मागता येत नाही.

दैव की प्रमाद

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात या प्रश्नाचे दोन्ही पदर एकाच ग्रंथात भेटतात. चौथ्या अधिकरणात तो आठ दैवी महाभये मोजतो आणि त्यांत अग्नीला पहिले स्थान देतो. तरीही उपाय सांगताना तो प्रथम म्हणतो की उन्हाळ्यात गावकऱ्यांनी स्वयंपाक घराबाहेर करावा. पर्वदिवशी बलि, होम आणि स्वस्तिवाचन करून अग्निपूजा करावी, हे त्यानंतर येते. आपत्ती दैवी म्हटल्याने माणसाची जबाबदारी संपत नाही, असा हा क्रम आहे.

दुसऱ्या अधिकरणात नगराच्या कारभारात हा विचार तपशिलात उतरतो. उन्हाळ्यात दिवसाच्या मधल्या दोन प्रहरांत विस्तव पेटवण्यास मनाई आहे. प्रत्येक घरी पाण्याचे घडे, द्रोणी, शिडी, कुऱ्हाड, सूप, आकडा आणि कातडी पखाल असावी, नसल्यास दंड. रस्त्यांवर आणि चौकांत पाण्याचे घडे रांगेने ठेवावेत. शेजारी आग लागली असता विझवायला न धावणाऱ्या घरमालकाला १२ पण (तेव्हाचे नाणे) आणि भाडेकरूला ६ पण दंड. प्रमादाने आग लावणाऱ्याला ५४ पण, आणि मुद्दाम लावणाऱ्याला देहदंड. हेतू आणि बेसावधी यांत कौटिल्य फरक करतो, पण बेसावधीला निर्दोष मानत नाही.

प्रमादाचा हा विचार नुसता कारभारी नाही. उद्योगपर्वात सनत्सुजात धृतराष्ट्राला सांगतो की प्रमाद हाच मृत्यू आणि अप्रमाद हेच अमृतत्व. धम्मपदात अप्रमादावर स्वतंत्र वर्ग आहे आणि परिनिर्वाणापूर्वीचा बुद्धाचा शेवटचा उपदेश अप्रमादाचाच आहे. उमास्वातीच्या तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या करताना प्रमत्त अवस्थेतून घडलेला प्राणघात असा निकष दिला आहे. मारण्याची इच्छा नव्हती एवढ्याने जैन विचारात सुटका होत नाही. लक्ष नसणे हाच हिंसेचा गाभा ठरतो. मराठी परंपरेत दासबोधाने हरिकथानिरूपण आणि राजकारण यांच्यामागोमाग तिसरे स्थान सर्व विषयांतल्या सावधपणाला दिले आणि चौथे साक्षेपाला, म्हणजे नेटाच्या प्रयत्नाला.

या निकषावर दिवाणखान्यातील बहुतेक आगी तपासता येतात. एकाच एक्स्टेंशन बोर्डवर हीटर आणि इस्त्री लावणे, तुटक्या वायरीला चिकटपट्टी गुंडाळून वर्षभर वापरणे, पडद्याखाली पणती ठेवणे, उदबत्ती कागदी डबीत खोचणे, विझलेली वाटणारी विडी कचऱ्यात टाकणे. यांतल्या कशातही वाईट हेतू नाही, आणि कशालाही दैव म्हणता येत नाही. दैव हा शब्द प्रयत्नाच्या पलीकडे उरलेल्या भागासाठी राखावा लागतो. प्रयत्नच न करता तो वापरणे म्हणजे स्वतःचा दोष देवाच्या नावे टाकणे होय.

पुण्यासाठी नेम मोडावा का

धार्मिक कर्तव्य म्हणून लावलेल्या दिव्यामुळे नुकसान झाले तर त्या कर्तव्यामुळे दोष कमी होतो का, या प्रश्नाची सर्वांत नेमकी चर्चा यहुदी धर्मशास्त्रात आढळते. महाराष्ट्राला तो समाज परका नाही. कोकणातले मराठी बोलणारे बेने इस्राएल तेल गाळण्याचा धंदा करत आणि शब्बाथला घाणा बंद ठेवत, म्हणून त्यांना शनिवार तेली म्हणत. पुण्याच्या कॅम्पातले लाल देऊळ हे डेव्हिड ससून यांच्या काळातले प्रार्थनामंदिर आजही उभे आहे.

मिश्ना या यहुदी धर्मनियमांच्या संग्रहातील दाखला असा. अळशीच्या तागाने लादलेला उंट बाजारातून जात असता दुकानदाराने बाहेर ठेवलेल्या दिव्याने ताग पेटतो आणि आग लागते. दिवा बाहेर ठेवणारा दुकानदार भरपाईला बांधील आहे, असा सर्वसाधारण निर्णय. रब्बी यहूदा मात्र म्हणतात की तो हनुक्का सणाचा दिवा असेल तर दुकानदार सुटतो, कारण तो दारात लावणे हे धर्मकृत्य आहे. बाराव्या शतकातील यहुदी धर्मशास्त्री मैमोनिडीझ याने निर्णय दिला तो पहिल्या बाजूने. दिवा हनुक्काचा असला तरी दुकानदार जबाबदारच, कारण त्याने तेथे बसून राखण करायला हवी होती. धर्मकृत्याने राखणीचे कर्तव्य रद्द होत नाही, उलट ते त्यात धरलेलेच असते.

इस्लामी हदीसमध्ये हाच विचार घराच्या आत येतो. मदिनेत रात्री एक घर माणसांसह जळाल्यावर पैगंबरांनी सांगितले की आग तुमची वैरी आहे, झोपताना ती विझवा. दुसऱ्या एका हदीसमध्ये कारणही दिले आहे. उंदीर दिव्याची वात ओढून नेतो आणि घर पेटवतो. देवघरातली तुपाची वात उंदराने पळवल्याचा अनुभव मराठी घरांनाही नवा नाही.

आजचे लाक्षागृह

महाभारतातल्या वारणावतच्या घरात लाख, राळ, ताग आणि तूप भिंतींत मिसळले होते. पुरोचनाने ते जाळण्यासाठीच बांधले होते. विदुराने युधिष्ठिराला आडवळणाच्या भाषेत इशारा दिला आणि खणणाऱ्याकडून भुयार खोदून घेतले. घर कशाचे बनले आहे ते ओळखणे आणि बाहेर पडण्याची वाट आधी तयार ठेवणे, हे त्या कथेतले शहाणपण.

पुण्यात घर कशाचे आहे याचा धडा शनिवारवाड्याने दिला आहे. २७ फेब्रुवारी १८२८ रोजी लागलेली आग सात दिवस धुमसत होती. लाकडी मजले आणि महाल जळून गेले, उरला तो तट, दरवाजे आणि जोती. आजच्या दिवाणखान्यात लाकूड कमी आणि पेट्रोलियमपासून बनलेले पदार्थ जास्त आहेत. सोफ्यातला पॉलियुरेथेनचा फोम, पॉलिस्टरचे पडदे आणि गालिचा, वायरींचे पीव्हीसी आवरण, थर्माकोल. अमेरिकेतील युएल या संस्थेने दोन प्रकारच्या खोल्या पेटवून पाहिल्या. आधुनिक सामानाच्या खोलीत पाच मिनिटांच्या आत सगळी खोली एकदम भडकली. जुन्या पद्धतीच्या, लाकूड-कापूस यांच्या सामानाच्या खोलीला त्यासाठी अर्ध्या तासाच्या आसपास वेळ लागला. फोम जळताना कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सायनाइड हे विषारी वायू निघतात, म्हणून ज्वाळा पोहोचण्याआधीच धुराने माणसे बेशुद्ध पडतात. ई-स्कूटरच्या बॅटरीत बिघाड झाला तर तिचे सेल एकामागून एक तापत जातात आणि आग विझली असे वाटल्यावरही पुन्हा पेटू शकते. ती बॅटरी दाराशी किंवा सोफ्याजवळ चार्जिंगला लावणे म्हणजे बाहेर पडण्याची एकमेव वाटच धोक्यात घालणे.

दिवाणखान्यातला आचार

वरील विचारातून रोजचा आचार ठरवता येतो. दिवा पितळी तबकात किंवा दगडी पाटावर ठेवावा, त्याच्यावर शेल्फ अथवा तोरण नसावे, पडदा निदान हातभर दूर असावा आणि पंख्याच्या झोतात तो येऊ नये. काचेच्या चिमणीतला दिवा उघड्या समईपेक्षा सुरक्षित. उदबत्ती आणि धूप राखेच्या किंवा वाळूच्या पात्रात लावावेत. घर सोडताना आणि झोपताना दिवा शांत करावा. ज्यांना नऊ दिवस राखण शक्य नाही त्यांनी संकल्पच पूजेच्या वेळेपुरता करावा. यथाशक्ती व्रत करण्याची मुभा धर्मशास्त्राने नेहमीच दिली आहे. विजेची समई चालेल का, हा ज्याच्या त्याच्या कुलाचाराचा प्रश्न आहे. मात्र मानसपूजेला मान्यता देणाऱ्या परंपरेत ज्योतीचे प्रतीक अडचणीचे ठरू नये. दिवाळीत आकाशकंदिलाची वायर आणि गणपतीच्या मखरातील माळा मान्यताप्राप्त खुणेच्या असाव्यात, कापडावर तापणारा बल्ब टेकू नये आणि रात्री मुख्य बटण बंद करावे.

विजेबाबत एमसीबी आणि आरसीसीबी ही बिघाड होताच वीज आपोआप तोडणारी साधने आजची द्रोणी आणि पखाल होत. तापणारी उपकरणे भिंतीतल्या स्वतंत्र प्लगवरच चालवावीत, हीटर पडदे-गाद्यांपासून तीन फूट दूर असावा. विजेच्या आणि तेलाच्या आगीवर पाणी टाकू नये. कार्बन डायऑक्साइडचे किंवा एबीसी पावडरचे नळकांडे दाराजवळ असावे आणि ते घरातल्या सर्वांना वापरता यावे. आग आवाक्याबाहेर गेली तर खोलीचे दार ओढून घ्यावे, धुरात खाली वाकून किंवा रांगत बाहेर पडावे, लिफ्ट टाळून जिना घ्यावा आणि १०१ किंवा ११२ वर वर्दी द्यावी. बाल्कनीच्या जाळीला आतून उघडणारी खिडकी असावी.

शेजारधर्म

बैठ्या घराची आग शेजारापर्यंत जायला वेळ घेत असे. खराडीतल्या उंच इमारतीत सातव्या मजल्यावरचा धूर जिन्यातून आठव्या-नवव्या मजल्यावर आधी पोहोचतो. त्यामुळे दिवाणखान्यातली बेसावधी ही खासगी बाब राहत नाही. जिन्यात ठेवलेल्या सायकली आणि चपलांची कपाटे, कुलूप लावलेले गच्चीचे दार, सामान रचलेला रिफ्युज एरिया, हे सर्व दुसऱ्याच्या सुटकेच्या वाटेवरचे अतिक्रमण आहे.

कायद्यानेही हा विचार मान्य केला आहे. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार इमारतीतील अग्निशमन यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला परवानाधारक संस्थेकडून दर जानेवारी आणि जुलैत घ्यावा लागतो. भारतीय न्याय संहितेचे २८७ वे कलम, जे पूर्वी भारतीय दंड संहितेत २८५ वे होते, आगीबाबतच्या हयगयीला गुन्हा मानते. विझवायला न धावणाऱ्यालाही कौटिल्य दंड सांगतो. आधुनिक कायदा तेथवर जात नाही, तो भाग समाजाच्या विवेकावर सोडलेला आहे. गृहरचना संस्थेने वर्षातून एकदा सर्व रहिवाशांसह सराव करणे, एकट्या राहणाऱ्या वृद्धांची यादी ठेवणे आणि यंत्रणेच्या देखभालीचा खर्च सभेत न टाळणे, हे शेजारधर्माचे आजचे रूप आहे.

वेगवेगळ्या धर्मांनी अग्नीला देव म्हटले, वैरी म्हटले, जीव म्हटले किंवा साधन म्हटले, पण एका बाबतीत त्यांचा कौल सारखाच पडतो. जेथे अग्नी पेटवला तेथे त्याच्याजवळ जागा माणूस हवा, आणि तो नसेल तर अग्नी शांत केलेला हवा. राखण करता येत नसताना दिवा जळत ठेवणे ही भक्ती नव्हे, तो प्रमाद आहे. बाहेर पडताना समई शांत करणाऱ्याच्या पदरी कोणताही दोष येत नाही.